कुलूप लावलेल्या घरांच्या घागरी

आमच्या गावात मत हाताने देत नसत, घागरीने देत. हे सांगितलं की शहरातली माणसं हसतात, म्हणून मी हल्ली सांगत नाही. पण मी स्वतः घागर ठेवलेली आहे, आणि तिचा आवाज माझ्या कानांनी ऐकलेला आहे. त्यामुळे कुणी हसलं तरी माझं काही बिघडत नाही.

गावापुढे मोठा प्रश्न आला की दर चुलीमागे एक रिकामी मातीची घागर महादेवाच्या अंगणातल्या वाळूत ठेवायची. होकार असेल तर सरळ, नकार असेल तर पालथी. ठेवायला बायकाच जात, तेही एकेकट्या, आणि तोवर साऱ्या गावाने दारं लावून घरात बसायचं. घागरी एकाच कुंभाराच्या, एकसारख्या. कुणाची सरळ आणि कुणाची पालथी हे कळायला मार्ग नव्हता. म्हणतात की निजामाच्या वेळी चार पुरुष एकत्र बसले की चौकशी व्हायची, पण घागर घेऊन निघालेल्या बाईला कोण अडवणार? तेव्हापासून ही रीत पडली. खरं-खोटं महादेवाला ठाऊक. मला एवढंच कळतं की ज्या गावात बायकांना पारावर चढायची चोरी होती, त्या गावाचा कारभार शेवटी बायकांच्या कमरेवरून जात होता, आणि पुरुषांना ते कधी टोचलं नाही. बहुधा त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

माझं माहेर लोह्याकडचं. सासर मुखेड तालुक्यात, पार शिवेला टेकलेलं. ओढा ओलांडला की पलीकडचा जिल्हा. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात तिघंच होतो : आमचे मालक, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे त्याआधीच गेले होते. आत्याबाईंनी माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत अंगणापलीकडच्या खोलीत वेगळी चूल मांडली. गावात बोभाटा झाला की नव्या सुनेने सासूला बाहेर काढलं. मी रडले. तर त्या म्हणाल्या, "रडतीस कशाला? तुझ्या चुलीवर जेवले तर माझी घागर जाती. गावात माझा एक शब्द हाय, त्यो मी भाकरीसाठी सोडू व्हय?"

अशी बाई. अंगाने काटकुळी, बोलणं मोजकं. मांजराचं तर त्यांना भारी वावडं. खोलीच्या आसपास दिसलं की पायातली चप्पल भिरकावायच्या. पण कुणाची गोष्ट पोटात ठेवावी तर त्यांनीच. म्हणून परगावी जाणारी माणसं आपलं मत त्यांना सांगून जात आणि आपली घागर आपल्याच घराच्या ओट्यावर ठेवून जात. वेळ आली की ती घागर आत्याबाई मांडायच्या.

मग दुष्काळ आला. त्याच सुमाराला लातूर नवा जिल्हा झाला होता. तिथे कचेऱ्या उठत होत्या, क्वार्टरं उठत होती, रस्ते चालू होते. आमचा जिल्हा नांदेडच, पण पोट लातुरात. आधी गडीमाणसं गेली, मग बायका-पोरं गेली, मग शेळ्या विकून उरलेले गेले. मालकही गवंड्याच्या हाताखाली गेले. गावात म्हातारी माणसं राहिली आणि माझ्यासारख्या काही जणी, ज्यांना कुणालातरी सांभाळायचं होतं. दुपारी गल्लीतून चाललं की आपल्याच पावलांचा आवाज भिंतींवरून परत यायचा आणि मागून कुणी येतंय असं वाटायचं. पहिल्या पहिल्यांदा मी वळून बघायची. नंतर बघायचं सोडलं, कारण एकदा वळले तर सगळी कुलपंच माझ्याकडे बघत होती असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात तालुक्याहून साहेब आले. ओढ्यावर पाझर तलाव मंजूर होतोय, दुष्काळी कामातून बांधायचा, गावाला मजुरीही मिळेल आणि पुढे पाणीही. फक्त गावाचा ठराव हवा. या तलावाची बोलणी माणसं लातूरला जायच्या आधीच सुरू झाली होती, त्यामुळे जाणारे आपलं मत आत्याबाईंना सांगूनच गेले होते. सगळं चांगलं होतं. पण तलावाची जागा होती ओढ्याकाठची आमची माती.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. भस्म लावून, बेल वाहून, खड्ड्यात बसवून माती देतात. गावातली निम्मी घरं आमच्यातली, त्यामुळे ओढ्याकाठी आमचे सगळे पूर्वज ओळीने बसलेले. वर मातीचे उंचवटे, त्यावर दगड. सासरे तिथेच. त्यांच्या डाव्या अंगाला आत्याबाईंनी जागा राखून ठेवली होती, तिथलं गवतसुद्धा त्या स्वतः खुरपायच्या. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. तलाव झाला तर ती जागा पाण्याखाली जाणार होती, आणि सासऱ्यांसकट सगळी ओळ.

साहेब शाळेच्या ओसरीत बसून स्थानिक स्वराज्यावर छान बोलले. आत्याबाई खांबाआडून म्हणाल्या, "सायेब, स्वराज्य म्हंजी काय वो?"

"आजी, आपला कारभार आपण करायचा."

"मंग त्यो आमचा आम्ही करूनच राहिलोत. तुमी जरा सावलीत बसा."

साहेब हसले. म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, हजर आहेत त्यांनी हात वर करा, मी लिहून घेतो. सरपंच म्हातारे होते, त्यांचे आईवडीलही ओढ्याकाठी बसलेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मला त्यांच्या डोक्यातलं स्पष्ट दिसत होतं. हजर सगळी म्हातारी. हात वर झाले असते तर तलाव तिथेच बुडाला असता, आणि माती वाचली असती. ज्यांना तलाव हवा होता, मजुरी मिळून घरी परतायचं होतं, ते सगळे लातुरात विटा वाहत होते.

सरपंच म्हणाले, "वहिनी, सायेब म्हणून राहिलेत तर करू की हात वर."

मला वाटलं आत्याबाई हो म्हणतील. मी मनातून म्हणत होते, म्हणा हो. त्या म्हणाल्या, "चूल गार पडली म्हणून घर मेलं न्हाई. समद्यांच्या घागरी लागतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी घागरी ठेवायचं ठरलं.

सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. मालक जाताना मला सांगून गेले होते, सरळ ठेव, मला घरी यायचंय. मलाही ते घरी हवे होते. तरी मी आत्याबाईंना म्हणाले, "मी पालथी ठेवते. तुमच्यासाठी."

त्या इतक्या चिडलेल्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. "माझ्यासाठी? माझी घागर हाय मला. तुझी चूल, तुझी घागर. तुला जे पटंल ते ठेव, न्हाईतर घरी बस. लोकांच्या तोंडाकडं बघून ठेवायची आसंल तर सायेबाचा हात काय वाईट व्हता?"

 मग त्यांनी आवाज उतरवला आणि म्हणाल्या की बंद घरांच्या घागरी उचलायला चल, माझ्या एकटीनं होत नाही. काय ऐकशील ते पोटात ठेव. महादेवाची शपथ घातली.

भर दुपार झाली. गावाने दारं लावून घेतली. आधीच निम्मं गाव कुलपात, आता उरलेलंही आतून कड्या लावून बसलं. कुत्रंसुद्धा दिसेना. गरम वारा सुटला होता आणि कुठेतरी पत्रा वाजत होता. मला लहानपणापासून सांगितलेलं, की बाराच्या ठोक्याला बाईमाणसाने एकटीने फिरू नये, त्या वेळी जी रस्त्यावर असतात ती सगळी माणसं नसतात. आम्ही दोघी होतो, पण त्याने धीर आला असं काही म्हणवत नाही.

आत्याबाई पहिल्या कुलपापुढे थांबल्या. मला वाटलं घागर उचलतील. त्यांनी पदर सारखा केला, दारावर थाप मारली आणि आत माणूस बसलेलं असावं तशा बोलल्या, "घागर मांडायला चालले. जाताना सांगितलं तेच का? का मन बदललं?"

आणि थांबल्या. कान देऊन, मान कलती करून. वाऱ्याने दाराची कडी जराशी हलली. थोडा वेळ गेला. मग "बरं" म्हणाल्या आणि घागर उचलून माझ्या हातात दिली.

मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, आत कुणी न्हाई."

"म्हाईत हाय मला. पण न इचारता कसं मांडू?"

असं आम्ही दारोदार गेलो, आणि हात भरले की घागरी देवळाच्या दारात ठेवून पुन्हा फिरलो. प्रत्येक कुलपापुढे थाप, प्रश्न, थांबणं, बरं. मला त्या थांबण्याची भीती वाटायला लागली. बोलणं परवडलं, पण उत्तराची वाट बघणारी ती कलती मान बघवेना. थांबणं लांबलं की मीही कान द्यायची आणि मग मला कायकाय ऐकू यायचं. कुठे जातं फिरल्यासारखं, कुठे कुणी कूस बदलल्यासारखं. काही घागरी ओट्यावर तापून इतक्या गरम झाल्या होत्या, जणू आताच कुणीतरी चुलीवरून उतरवून ठेवल्यात.

शेवटचं घर गल्लीच्या टोकाला. तिथली बाई माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची. नवऱ्याबरोबर लातूरला गेलेली. आत्याबाईंनी थाप मारली. "जाताना सरळ म्हणाली व्हतीस. तेच का? मन बदललं का?"

आतून भांडं पडलं.

चांगलं मोठ्याने पडलं, आणि पडल्यावर थोडं गडगडत गेलं. मी आत्याबाईंचा दंड धरला. कुलूप बाहेरून, खिडकीला आतून फळी. आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्या चेहऱ्यावर आधी भीती आली, आणि मग भीती जाऊन दुसरंच काही आलं. आशा म्हणावी असं. त्यांनी दाराला कान लावला. "बदललं का?" पुन्हा विचारलं, अगदी हळू, लेकराशी बोलावं तसं. मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. ही घागर पालथी ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? आणि एक पालथी ठेवायला आतूनच सांगितल्यावर, बाकीच्या दारांनाही पुन्हा एकदा विचारता आलं असतं.

किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग कान काढला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "मांजर आसंल."

देवळाच्या दारात त्यांनी मला पाठ करून उभं केलं. बंद घरांच्या घागरी त्यांनी मांडल्या, मग त्यांची स्वतःची. मग मला म्हणाल्या, जा. माझी घागर मी सरळ ठेवली. सासऱ्यांना मनातल्या मनात हात जोडले, पण सरळच ठेवली.  त्यानंतर गावात उरलेल्या बायका एकेक करून आल्या आणि गेल्या.

सगळ्यांची झाल्यावर देवळातली घंटा वाजली आणि दारं उघडली. म्हातारी माणसं काठ्या टेकत आली, साहेब शाळेतून आले. आणि अंगणाच्या कडेलाच सगळे थबकले. माणसं इनमीन मूठभर, आणि घागरी अंगणभर. तेवढ्यात वारा आला. पालथ्या घागरी गप्प होत्या. सरळ घागरी घुमायला लागल्या. रिकाम्या तोंडांवरून वारा जायचा आणि त्या एकदम हुंकार द्यायच्या. कुणी खालच्या सुरात, कुणी वरच्या. लातुरात असलेली सगळी माणसं वाळूत गळ्यापर्यंत बसून "हाव, हाव" असा होकार देत होती.

साहेबांनी टोपी काढली. मोजायचं कुणालाच सुचेना, आणि मोजायची गरजही नव्हती. कानांनीच कळलं. सरपंच खाली बसले आणि तोंड झाकून रडले. आत्याबाई रडल्या नाहीत. "झाला ठराव," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. मला त्यांच्यामागे जायचा धीर झाला नाही. माझ्या घागरीचा आवाज त्यात होता, आणि त्यांनी तो ऐकला होता.

तलावाचं काम लागलं तशी माणसं परत आली. मालक आले. गल्लीच्या टोकाची माझी मैत्रीणही आली. सामान टाकून ती आधी आत्याबाईंच्या ओट्यावर आली. मी तिथेच ज्वारी निवडत होते.

"घागर कशी मांडली वो माझी?"

"सांगून गेलतीस तशी."

ती मटकन बसली. म्हणाली, लातुरात गेल्यावर तिचं मन फिरलं होतं. तिचं तान्हं त्या ओढ्याकाठी होतं. जाताना पोटाचा विचार केला, पण तिथे विटा वाहताना रोज वाटायचं, माझं लेकरू पाण्यात कसं ठेवू? रोज म्हणायची की गावाला निरोप धाडावा. "दुपारी भाकर खायला बसलं की लई आठवायचं. एकदा तर म्या जोरात वरडलेच, म्हणले पालथी ठेवा. माणसं म्हणली, याड लागलं का हिला?"

माझ्या हातातलं सूप खाली गेलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या तिला म्हणाल्या, "मग यायचं व्हतं. न्हाईतर निरोप धाडायचा. भिताडाला म्या कसं इचारू गं?" पण विचारलं तर त्यांनी होतं. ती बिचारी उठून गेली. एका घागरीने निकाल फिरला नसता, असं मी म्हणाले. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढे बऱ्याच दिवसांनी, अंगणात बसलेलो असताना त्यांनी आपणहून विषय काढला.

"त्या दिवशी आवाज झालता. तूबी ऐकला."

"हाव."

"मांजर न्हाई म्हणून मलाबी कळलं व्हतं. पण आवाजावर गाव चालत न्हाई. मला पायजे तसा आवाज आज मला आला. उद्या दुसऱ्याला त्याच्या सोयीचा येईल. मंग कुणीबी उठंल आन् म्हणंल, मला बंद घरातून सांगितलं. माणसानं सवता येऊन बोललं तर खरं." मग म्हणाल्या, "माझं एक ध्यानात ठेव. मी गेले की मला माळावर बसवा. पाण्याला दिलेली जागा परत घ्यायची न्हाई. पोराला सांगत न्हाई, त्यो रडतो. तुला सांगून ठेवते."

म्हणजे परगावी जाणाऱ्या माणसासारखी त्यांनी आपली घागर माझ्या हवाली केली. मी हो म्हणाले. तेव्हा ते फार जड वाटलं नाही.

तलाव भरला. विहिरींना पाणी आलं. नव्या मातीसाठी गावाने माळावरची जागा धरली. आत्याबाई रोज बांधावर जाऊन पाण्याकडे बघत बसायच्या. कधी कधी वाऱ्यावर पाणी हलायचं, तर त्या मान कलती करायच्या. मी काय ऐकता म्हणून कधी विचारलं नाही.

त्या गेल्या तो उन्हाळाही कोरडाच होता. तलाव पार आटला होता, चिखलाला भेगा पडल्या होत्या, आणि तळात ती ओळ वर आली होती. उंचवटे झिजून गेलेले, पण दगड जागच्या जागी. सासऱ्यांच्या डाव्या अंगाची जागा रिकामी, सपाट. बघणाऱ्याला वाटावं की ती वाट बघत राहिलीय.

आत्याबाईंना अंघोळ घालून, भस्म लावून आमच्या ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं होतं. आणि सगळं गाव एक झालं. सरपंच आता काठीवर पूर्ण वाकले होते, ते म्हणाले, "पाणी न्हाईच हाय. भावाच्या शेजारी बसवू वहिनीला. कोण आडवतंय?" माझी मैत्रीण रडत म्हणाली, "बसवा तिथंच. माझं लेकरू बी हाय तिथं, सोबत हुईल." मालक लहान पोरासारखे माझ्याकडे बघत होते. मलाही तेच हवं होतं. मला तर सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं, कारण त्या अंगणात माझी घागर सरळ घुमली होती.

मी म्हणाले, जरा थांबा.

अंगण ओलांडून मी त्यांच्या खोलीशी गेले. दाराला बाहेरून कडी होती. उन्हं माथ्यावर आली होती. मी पदर सारखा केला, दारावर थाप मारली.

"आत्याबाई, माळावर म्हणाला होतात. तेच का? का मन बदललं?"

आणि थांबले. मान कधी कलती झाली ते मला कळलंही नाही.

आत घागर वाजली. पडल्यासारखी, आणि मग थोडी गडगडत दारापर्यंत आली. दारालाच लागून थांबली. कडीला धरलेल्या माझ्या हाताला तो धक्का लागला.

मी तशीच उभी राहिले. मागे सगळं गाव वाट बघत होतं. कडी काढायला एक क्षणही लागला नसता.

"मांजर आसंल," मी म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि वळून म्हणाले, चला, माळावर न्यायचंय.